पाणी अडवले, पुढे काय?

अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : उत्पत्ति २६:१२-३३, यहेज्केल ३४:१७-१९, अनुवाद २२:६-७

पाठाचा हेतू : कोरड्या प्रदेशात पाणी साठवणे जितके गरजेचे, तितकेच ते कोणी, किती आणि कधी वापरायचे हे सर्वांनी मिळून ठरवणे गरजेचे आहे. पाण्यात राहणाऱ्या जिवांचाही त्यात वाटा आहे, हे समजून घेणे.



या पाठाची सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर आपल्यासारख्यांच्या देणगीतून नाल्यावर सिमेंटचा बंधारा बांधला. पहिल्याच पावसात तो भरला. प्रार्थना झाली, नारिंगी-पिवळ्या पताका लागल्या, फोटो निघाले. आम्ही आभार मानून पुढच्या कामाला लागलो.

मार्चमध्ये पुन्हा त्या पाड्यावर गेलो, तेव्हा बंधाऱ्यात घोटाभर चिखल होता. काठावर चार डिझेल इंजिने होती. ज्यांची जमीन नाल्याला लागून होती, त्यांनी दिवाळीपासूनच पाणी उपसून गहू आणि कांदा केला होता. वरच्या अंगाला राहणाऱ्या, जमीन नसलेल्या घरांतल्या बाया पूर्वीसारख्याच दोन मैलांवरच्या झिऱ्याला जात होत्या. एक म्हातारी आजी म्हणाली, “दादा, बंधारा नव्हता तेव्हा या डोहात चैतापर्यंत गुरं पाणी प्यायची. पोरं खेकडे धरायची. आता डोहही नाही.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिकच लागले.

बंधारा चांगला बांधला होता. आम्ही पाणी अडवले होते, पण अडवल्यानंतर काय, हे कोणालाच विचारले नव्हते.

इसहाकाच्या विहिरी

उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात देशात दुष्काळ पडला आहे. इसहाक गराराच्या खोऱ्यात राहतो. हा प्रदेश आजही कोरडाच आहे. बैर-शेबा येथे वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतही याच्या दुप्पट पडतो. अशा ठिकाणी विहीर म्हणजे जीव. तरी पलिष्ट्यांनी अब्राहामाच्या काळच्या विहिरी मातीने बुजवून टाकल्या होत्या. त्यांना स्वतःला त्या पाण्याचा उपयोग नव्हता असे नाही. दुसऱ्याला मिळू नये, एवढ्यासाठी त्यांनी सर्वांचेच पाणी बुजवले.

इसहाक त्या विहिरी पुन्हा उकरतो आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना देतो. पुढे नवी विहीर खणली की गराराचे गुराखी येऊन म्हणतात, हे पाणी आमचे. इसहाक त्या विहिरीला एसेक, म्हणजे भांडण, असे नाव देतो. दुसरीवरही वाद होतो. ती सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडत नाही. ती रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा.

आपण बहुतेक वेळा ही गोष्ट इथेच थांबवतो. पण अध्यायाचा शेवट पाहा. इसहाक बैर-शेबाला जातो, तिथे वेदी बांधतो आणि त्याचे चाकर विहीर खणू लागतात. तेवढ्यात ज्याच्या लोकांशी वाद झाला तो अबीमलेख भेटायला येतो. दोघे एकत्र जेवतात, सकाळी शपथ घेऊन करार करतात. आणि त्याच दिवशी चाकर येऊन सांगतात की पाणी लागले. खोदकाम चालूच होते, पण शास्त्र पाण्याची बातमी करारानंतर सांगते. आमच्या पाड्यावर आम्ही पाण्याची बातमी आधी दिली आणि करार विसरलो.

जमिनीतले पाणी कोणाचे?

महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या दगडात वाळूसारखी मोकळी जागा नसते. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. म्हणून आपल्या विहिरी लवकर भरतात आणि लवकर आटतात. एकाच भेगेतून दोन-चार शेतांच्या विहिरींना पाणी येत असते. एकाने खोल बोअर घेऊन ती भेग ओढली, तर शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी खाली जाते. सातबारा वेगळा असला तरी खालचे पाणी एकच असते.

डोंगराळ भागात पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात. वर समतल सलग चर, मग ओघळीत दगडी बांध, त्याखाली मातीचा नाला बांध आणि सर्वांत शेवटी सिमेंटचा बंधारा. वरचे काम न करता फक्त खाली बंधारा बांधला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी हे काम अनेक वर्षे केले. त्यांच्या प्रयत्नातून भारत-जर्मनी पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. त्या कामात पैसा येण्याआधी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवायची असते. हा करार-आधीचाच मार्ग आहे.

पाण्याचा हिशेब

एक साधे गणित मांडू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी पडते. पाचशे हेक्टरच्या शिवारात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एकूण २५० कोटी लिटर.

गावात एक हजार माणसे आहेत असे धरा. जलजीवन मिशनच्या मापाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे पडलेल्या पावसाचा शंभरावा भागही नाही.

मग टँकर का लागतो? कारण बरेचसे पाणी उन्हाने उडते, पिके आणि गवत ते घेतात, काही वाहून जाते. खडकाळ भागात जमिनीत खोल मुरते ते साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. आपल्या गावासाठी ते पंचवीस कोटी लिटर धरू. आता एक हेक्टर उसाला वर्षभरात सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाने त्यातले ५०० दिले, तरी १५०० मिलिमीटर विहिरीतून काढावे लागते, म्हणजे दीड कोटी लिटर. एवढ्या पाण्यावर साडेसातशे माणसांचे वर्ष निघते. आपल्या गावात सतराएक हेक्टर ऊस लागला की वर्षभरात मुरलेले सारे पाणी संपले. ज्वारी आणि हरभरा यांना याच्या कितीतरी कमी पाणी लागते. हरभरा तर बऱ्याच ठिकाणी नुसत्या ओलीवर येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हाच हिशेब गावासमोर मांडला. तिथे पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने पाणलोटाची कामे केली, पण त्याबरोबर शेतीसाठी बोअरवेल नको आणि ऊस-केळी नको हेही ठरवले. पावसाळा संपला की किती पाऊस झाला ते मोजतात. त्यावरून रब्बीला किती पाणी देता येईल हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला तर पेरा कमी.

उघड्या पाण्याबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दख्खनच्या कोरड्या भागात उघड्या तळ्यातून वर्षाला दीड ते दोन मीटर उंचीचे पाणी नुसते उन्हाने उडून जाते. पावसाचे वाहते पाणी शेततळ्यात धरले तर लाभ आहे. पण बोअरचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले, अनेकांचे पाणी एकाच्या ताब्यात जाते आणि त्यातलेही बरेचसे उडते.

अरवरी नदी आणि तिचे मासे

आता राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात जाऊ. अरवली डोंगराच्या या भागात मीणा आदिवासी आणि गुर्जर पशुपालक राहतात. तिथे पूर्वी गावोगावी जोहड होते. जोहड म्हणजे उतारावर चंद्रकोरीसारखा घातलेला मातीचा बांध. त्यात पाणी थांबते आणि जमिनीत मुरते. जंगल तुटले, जोहड गाळाने भरले, विहिरी आटल्या आणि पुरुष मजुरीसाठी शहरांकडे गेले.

१९८५ साली राजेंद्र सिंह आणि त्यांचे तरुण सहकारी तिथे गेले. त्यांच्या मनात शाळा आणि औषधोपचाराचे काम होते. गोपालपुरा गावातल्या एका वृद्धाने त्यांना सांगितले की आधी पाण्याचे काम करा. त्यांनी जुना जोहड उकरायला घेतला. इसहाकानेही आधी बापाच्याच विहिरी उकरल्या होत्या, हे इथे आठवते. पुढे गावामागून गाव जोडले गेले, लोकांनी श्रम आणि पैसा दिला, शेकडो जोहड आणि बांध झाले. पावसाळ्यानंतर कोरडी पडणारी अरवरी नदी नव्वदच्या दशकात पुन्हा वाहू लागली.

नदीत पाणी टिकले आणि मासे वाढले. मग १९९६ साली सरकारने त्या माशांचा ठेका एका ठेकेदाराला दिला. ज्या नदीकडे इतकी वर्षे कोणी पाहिले नव्हते, तिच्यात मासे दिसताच तिला मालक मिळाला. हमीरपुरा आणि आसपासच्या गावांनी विरोध केला. यातले बरेचसे लोक मासे खात नाहीत. त्यांना मासे विकायचेही नव्हते. आज मासे गेले तर उद्या पाणी जाईल, हे त्यांनी ओळखले होते. अखेर ठेका रद्द झाला.

या वादातून गावांना कळले की नदी जिवंत करणे पुरेसे नाही, तिचा कारभारही आपणच पाहायला हवा. नदीकाठच्या सुमारे सत्तर गावांनी १९९९ साली अरवरी संसद स्थापन केली. तिला कायद्याची सत्ता नाही. तरी गावांनी आपल्यासाठी नियम केले : ऊस आणि भात यांसारखी जास्त पाणी पिणारी पिके घेऊ नयेत, पाणी उपसण्याला मर्यादा असावी, शिकार करू नये, डोंगरात खाणी होऊ देऊ नयेत. २००० सालच्या मार्चमध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी भांवता-कोल्याला या गावी येऊन लोकांचा सन्मान केला.

पाण्यातले शेजारी

आपल्याकडच्या नाल्यांत मासे कसे जगतात, हे थोडे पाहू. कोरड्या भागातला ओढा होळीपर्यंत तुटतो आणि मधेमधे डोह राहतात. उन्हाळाभर मासे, बेडूक, गोगलगायी आणि शिंपले या डोहांतच तग धरतात. मरळ मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वासही घेऊ शकतो, म्हणून तो गढूळ, उथळ पाण्यातही टिकतो. खेकडे काठाच्या ओलीत बीळ करून राहतात. म्हणजे एप्रिलमधला गुडघाभर डोह हे पुढच्या वर्षीच्या साऱ्या नाल्याचे बियाणे आहे. इंजिन लावून तो शेवटपर्यंत उपसला, तर पुढच्या पावसात पाणी येईल, पण जीव येणार नाहीत.

मृगाचा पहिला पाऊस झाला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. त्यांची पोटे गाभोळीने भरलेली असतात आणि नेमके तेव्हाच ते धरायला सोपे असतात. जुन्या जाणत्या आदिवासी घरांत ते थोडे धरून बाकीचे सोडून द्यायची रीत होती. आता ब्लीचिंग पावडर टाकून किंवा जिलेटीनचा स्फोट करून आख्खा डोह मारला जातो. अंडी, पिल्ले, बेडूक सारे एकदमच संपते. मरळीचे नर-मादी आपल्या पिल्लांची राखण करतात. त्यांना त्याच वेळी धरले, तर पिल्लेही वाचत नाहीत.

अनुवाद २२:६-७ मध्ये देवाने इस्राएलाला एक छोटी आज्ञा दिली आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले घ्या, पण आईला जाऊ द्या. त्यामागे आपले बरे व्हावे आणि आपल्याला दीर्घायुष्य मिळावे असा आशीर्वादही आहे. खाण्याला मनाई नाही. बीज संपवायला मनाई आहे. चढणीच्या माशांना हाच नियम लागतो.

यात गरिबांचे ताटही आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, डाळ विकत घ्यायला पैसे नाहीत, त्याच्या मुलांना पावसाळ्यात नाल्यातले मासे, खेकडे आणि मुऱ्या हेच फुकट मिळणारे सकस अन्न असते. डोह मेला की ते घर बाजारावर अवलंबून राहते. तसेच मासे आणि चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. निर्जीव साचलेल्या पाण्यात डास वाढतात.

काम करताना काही साध्या गोष्टी पाळता येतात. कायमचा उंच बंधारा माशांची चढण अडवतो. शक्य तिथे पावसाळा ओसरल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालावा. किंवा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर पावसाळ्यात दारे काढून ठेवावीत आणि पाऊस संपताना बसवावीत. काठची जांभूळ, करंज, उंबराची झाडे तोडू नयेत. त्यांच्या सावलीने पाणी कमी उडते आणि मुळ्यांनी काठ टिकतो. पात्रातली वाळू विकू देऊ नये, कारण वाळूच्या पोटात पाणी उन्हापासून सुरक्षित राहते. मत्स्यबीज सोडायचेच असेल तर स्थानिक जातींचे सोडावे. थाई मागूर हा देशात बंदी असलेला मासा कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये, तो बाकीचे सारे खाऊन टाकतो.

पाय कोणाचे?

यहेज्केलच्या ३४व्या अध्यायात देव धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो. तुम्ही निवळ पाणी प्यालात हे ठीक, पण उरलेले पायांनी गढूळ का केलेत? माझ्या बाकीच्या मेंढरांनी ते तुडवलेले पाणी प्यावे काय? इथे देव त्यांना पाणी प्यायल्याबद्दल दोष देत नाही. मागच्यासाठी काय उरले, हे तो विचारतो.

आमच्या पाड्यावर धष्टपुष्ट मेंढरे फक्त इंजिनवालेच होते, असे म्हणणे सोपे आहे. तेही गरीबच आहेत. कांद्याच्या पैशातून त्यांना कर्ज फेडायचे होते. दोष आमचाही होता. दात्याला दाखवायला भरलेला बंधारा हवा होता, आणि कोणाला किती पाणी मिळणार याची बैठक घ्यायला आमच्याकडे वेळ नव्हता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही आधी बैठका घेतल्या. पहिल्या दोन बैठकांत भांडणेच झाली. बाया बोलायला लागल्यावर काम पुढे सरकले. शेवटी बंधाऱ्याच्या आतल्या भिंतीवर तांबड्या रंगाची एक रेघ मारली. पाणी त्या रेघेला आले की इंजिने बंद. खालचे पाणी माणसांसाठी, गुरांसाठी आणि डोहातल्या जिवांसाठी. गहू कमी झाला, हरभरा वाढला. काठावर खणलेल्या झिऱ्याला मे महिन्यापर्यंत पाणी राहिले. एका वर्षी पाऊस कमी झाला, तेव्हा एकाने रात्री इंजिन लावले आणि पुन्हा बैठक बसवावी लागली. बैठका अजूनही बसतात. रेघ दरवर्षी नव्याने रंगवावी लागते.

आपण काय करू शकतो?

अनेक मंडळ्या प्रेमाने बोअरवेलसाठी दान देतात. पिण्याच्या पाण्याची खरी अडचण असेल तिथे ते द्यावेच. पण दान देण्याआधी आम्हाला हे चार प्रश्न जरूर विचारा. त्यांचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

१. वरच्या उतारावर पाणी मुरवण्याचे काम झाले आहे का?
२. या पाण्याबद्दल पाड्याने काय ठरवले आहे? त्या बैठकीत बाया आणि भूमिहीन घरे होती का?
३. उन्हाळ्यात किती पाणी राखून ठेवायचे आणि ते कोण पाहणार?
४. पाच वर्षांनी गाळ काढायचे आणि दुरुस्तीचे काम कोण करणार?

आपल्या घरीही आरंभ करता येतो. मंदिराचे छप्पर शंभर चौरस मीटर असेल आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्या छपरावर पन्नास हजार लिटर पाणी पडते. ते गटारात न सोडता गाळून टाकीत किंवा आवारातल्या विहिरीत सोडावे. जी मंडळी स्वतःच्या छपराचे पाणी धरते, ती पाड्यावरच्या बांधवांशी पाण्याबद्दल बोलू शकते.

चर्चेसाठी प्रश्न

१. इसहाकाने भांडण टाळून दोनदा जागा सोडली. आज भूमिहीनाला जागा सोडून कुठे जाता येईल? त्याच्यासाठी रहोबोथ कसे होईल?
२. आपल्या गावात किंवा कॉलनीत पाणी गढूळ करणारे पाय कोणते? त्यात आपले आहेत का?
३. आपल्या लहानपणी भरलेला असणारा एखादा ओढा, डोह किंवा आड आठवा. तो आज कसा आहे? का?

प्रार्थना

हे प्रभू, तू ढगांतून पाणी देतोस आणि दगडाच्या भेगेत ते राखतोस. आम्ही जे अडवतो ते आमचे आहे असे आम्हाला वाटू देऊ नकोस. पाड्यावरच्या आमच्या बहिणींच्या हंड्याची, मुक्या गुरांची आणि डोहातल्या लहान जिवांची आठवण आम्हाला दे. जिथे पाण्यावरून वैर आहे तिथे एकत्र बसायला धीर दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.